लेमुएलमामाचे बूट

ज्या तोंडाने मी रविवारी प्रभूचं गाणं गाते, त्याच तोंडाने हे सांगतेय. यातला एक शब्दही रचलेला नाही.

जून १९७०. जॉर्जियातलं आमचं गाव. शनिवार, सकाळचे दहा.

आमची काळ्यांची शाळा बंद झाली होती. आता मुलं गोऱ्यांच्या शाळेत जाणार होती. शाळेच्या व्हरांड्यात काचेचं कपाट होतं. त्यात अकरा कप आणि खिळ्यांचे बूट.

सगळे माझ्या लेमुएलमामाचे.

फुटबॉल, बास्केटबॉल, बेसबॉल, धावणं... मामा सगळ्यात पहिला. एकदा बेसबॉलच्या सामन्यात आपली बॅटिंग यायच्या आत तो शेजारच्या ट्रॅकवर गेला, शर्यत जिंकला आणि परत येऊन बॅट उचलली!

गोऱ्यांच्या पेपरात एक ओळ आली नाही. मोठ्या स्टेडियमचं फाटक त्याला कधी उघडलं नाही. जन्मभर लाकडाच्या गिरणीत राबला आणि गेल्या हिवाळ्यात गेला.

पुरावा काय तो त्या कपाटात होता. आणि शाळा खात्याचा गोरा साहेब हॅस्केट ते सगळं भंगारात टाकायला ट्रक घेऊन आला होता.

"बाजूला हो, अर्नेस्टीन. नव्या शाळेत या डबड्यांना जागा नाही."

आमच्या चर्चची सगळ्यात थोरली बाई कपाटासमोरून हलली नाही.

"मदर अर्नेस्टीन म्हण, बाळा. तुझ्या आईच्या घरी राबताना तुझे लंगोट धुतलेत मी. माझ्यावर आवाज चढवायचा नाही."

आम्ही चर्चच्या बायका फसकन हसलो. हॅस्केट लालेलाल झाला.

तेवढ्यात आमच्या चर्चचे पास्टर टॅल्मज यांनी प्रवचनाचा सूर धरला.

"त्यांनी दार लावलं..."

"हो, प्रभू!" आम्ही.

"त्यांनी नाव पुसलं..."

"हो, प्रभू!"

"पण धावणाऱ्याला कोण अडवणार?"

आम्ही ओ द्यायला तोंड उघडलं.

आणि मग...

ढप्प.

ढप्प... ढप्प...

शाळेच्या बंद जिममधून. चेंडू आपटल्याचा आवाज.

"आत कोण आहे?" हॅस्केट ओरडला. किल्ल्या त्याच्याच हातात होत्या. त्याने दार उघडलं.

कुणी नाही.

चेंडू नाही. बास्केटच्या जाळ्यासुद्धा त्याच्या माणसांनी आदल्या दिवशीच नेल्या होत्या.

तरीही वर... जाळीतून चेंडू गेल्यासारखं सळ्ळकन वाजलं.

पास्टर थांबले नाहीत. सूर चढवून म्हणाले, "लेमुएल! ये, लेकरा!"

बाहेर मैदानात बॅटचा कडाडकन आवाज झाला. मैदान रिकामं.

मग पावलं... खिळ्यांची. व्हरांड्याच्या टोकापासून. जवळ... आणखी जवळ...

माझ्या गालाला वारा लागून गेला.

कपाटातल्या बुटांवर ओली लाल माती होती. महिनाभर पाऊस नव्हता.

हॅस्केटच्या हातातून किल्ल्या गळून पडल्या. मदर अर्नेस्टीननी त्या उचलल्या, कपाट उघडलं.

"घ्या गं पोरींनो. एकेक कप. माना वर!"

त्याच्या ट्रकसमोरून, भर रस्त्याने आम्ही गात चर्चला गेलो. कुणी आडवं आलं नाही.

आज ते कप आणि ते बूट चर्चमध्ये वेदीपाशी आहेत. प्रवचनात पास्टर एकदा तरी मुद्दाम थांबतात. तिथे आम्ही कुणीच ओ देत नाही. ती जागा मामाची.

मी भित्री नाही. दर शनिवारी ते बूट मीच पुसून कोरडे करते.

रविवारी मात्र आधी दुसऱ्या कुणाला तरी आत पाठवते...

कारण बूट ओले असतात.