कागदाखालचं नाव

शनिवारी दुपारी क्लिफ एन्टविसल स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरायचा, खळीची वाटी जवळ ओढायचा आणि रेकॉर्डवर कागद डकवत बसायचा. आठवडाभर बस डेपोत इंजिनांशी झटापट करून नखांत गेलेलं काळं कधी निघायचं नाही. पण या कामाआधी तो हात असे घासायचा की डोरीन म्हणायची, "लग्नाच्या दिवशीसुद्धा इतके धुतले नव्हतेस."

बाहेरच्याला हा प्रकार पोरकटच वाटला असता. अमेरिकेत दहा वर्षांपूर्वी निघालेली, तिथे कुणी ढुंकूनही न पाहिलेली सोल गाण्यांची, म्हणजे तिथल्या काळ्या गायकांच्या गाण्यांची रेकॉर्ड, एका बाजूला एकच गाणं मावेल एवढी. पण इकडे इंग्लंडात बर्नलीपासून स्टोकपर्यंत गिरण्या-कारखान्यांच्या गावांतली पोरं दर रविवारी याच गाण्यांवर घाम निथळेपर्यंत नाचायची. आणि नखरा असा, की जे गाणं कुणालाही विकत मिळतं ते त्यांच्या लेखी मेलेलं. त्यामुळे क्लिफसारख्या गाणी लावणाऱ्याची सगळी पत, दुसऱ्याकडे नाही ते आपल्याकडे असण्यात. असं काही हाती लागलं की लेबलावर पांढरा कागद चिकटवायचा आणि वर एखादं बनावट नाव लिहायचं. बाकीचे बसतात जगात नसलेल्या गायिकेला शोधत.

आजची रेकॉर्ड डेट्रॉईटहून वजनावर घेतलेल्या खोक्याच्या तळाशी सापडली होती. बसथांब्यावर कुणाची तरी वाट पाहण्याबद्दल कुठल्या तरी मुलीने म्हटलेलं गाणं. क्लिफने आडून आडून सगळीकडे चौकशी केली होती, पण ते कुणाच्या कानावरून गेलेलं नव्हतं. दुसरी प्रत निघाली नाही तर महिन्याचा पगार मोजायला माणसं तयार झाली असती.

"नावं संपली माझी," क्लिफ म्हणाला. "मागच्या खेपेला शर्यतीच्या घोडीचं नाव दिलं."

"मग माझं दे. माहेरचं. डोरीन फॅरो," डोरीन चहा ओतत म्हणाली. "घर तुझ्या नावावर, गाडी तुझ्या नावावर. एक गाणं तरी माझ्या नावावर होऊ दे."

क्लिफला हसू आलं. त्याने काळ्या शाईने, वळणदार अक्षरात ते नाव लिहिलं आणि कागद अंगठ्याने नीट दाबून बसवला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, नाचाच्या हॉलमध्ये पडदे ओढून भर दुपारी अंधार केलेला होता. पाय सरकावेत म्हणून पोरांनी लाकडी जमिनीवर टाल्कम पावडर शिंपडली होती. क्लिफने माईकमध्ये नाव पुकारलं, "डोरीन फॅरो", आणि सुई टेकवली. पहिल्याच कडव्याला सगळा हॉल उसळला. गाणं संपलं तेव्हा रेग हारग्रीव्हज मांजरासारखा मंचाशी आला होता. रेग हा क्लिफचा जुना दोस्त आणि त्याहून जुना प्रतिस्पर्धी.

"कोण रे ही?"

"शोध की. वय आहे तुझं."

सोमवारी सकाळी डोरीनचा आवाज बसला.

त्यात काळजी करण्यासारखं काही वाटलं नाही. डोरीन बिंगोच्या हॉलमध्ये आकडे पुकारायची, घसा तर तिचा नेहमीच ताणलेला. अठ्ठ्याऐंशी आला की 'दोन लठ्ठ बायका' म्हणायची पद्धत आहे. डोरीन ते अशा ठसक्यात म्हणायची की पुढच्या रांगेतल्या दोघी-तिघी दर वेळी खोटंखोटं रुसायच्या. बुधवारी अठ्ठ्याऐंशी आला, तिने तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर पडली. डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं. म्हणाले, घसा तान्ह्या बाळासारखा स्वच्छ आहे, मध आणि लिंबू घ्या.

त्या रविवारी क्लिफने रेकॉर्ड पुन्हा लावली. दुसऱ्या कडव्याआधी गायिका श्वास घेते, तिथे तो जरासा अडकून मग आत गेला. डोरीन भांडायला तोंड उघडण्याआधी अगदी असाच श्वास घ्यायची. त्याने आजूबाजूला पाहिलं. पोरं गिरक्या घेत होती, कुणाला काही वेगळं वाटलेलं नव्हतं.

आपल्या मनाचे खेळ, असं म्हणून त्याने तो विषय झटकला. पण त्याच्या पुढच्या रविवारी डेट्रॉईटची ती पोरगी अख्खं गाणं बर्नलीच्या बाईसारखं म्हणत होती. शब्द तेच, चाल तीच. फक्त शब्द तोडण्याची तऱ्हा त्याच्या स्वयंपाकघरातली होती.

घरी येऊन त्याने किटली ठेवली आणि वाफेवर कागद सोडवला. खालचं लेबल जसंच्या तसं होतं. लाल रंग, कंपनीची खूण, गाण्याचं शीर्षक, सगळं दहा वर्षांत विटलेलं. त्याखाली त्याच विटलेल्या रुपेरी शाईत गायिकेचं नाव छापलेलं होतं. डोरीन फॅरो.

क्लिफ खुर्चीत बसला. इथे दुसरं नाव होतं. कागद लावायच्या आधी त्याने ते कितीदा तरी वाचलं होतं. आता मात्र त्याचं पहिलं अक्षरही आठवेना.

"डोरीन, तू पाहिलं होतंस ना लेबल? काय होतं गं नाव?"

डोरीनने मान हलवली. तिच्या कुजबुजीलाही आता जोर लागत होता. "मला कुठे दाखवलंस? म्हणालास, बायकोलासुद्धा कळता कामा नये."

खरं होतं. अशी नावं घरातही सांगायची नसतात, आणि क्लिफ आपल्या धंद्याला फार इमानी होता.

त्याने पुढच्या खोलीत रेकॉर्ड लावली, गाणं ऐकून तरी खरं नाव सुचेल म्हणून. पहिली ओळ सुरू झाली आणि दारात उभ्या डोरीनचे ओठ हलू लागले. शब्दाला शब्द जुळत होता, गळ्याची शीर ताणली जात होती, पण तिच्या तोंडून काहीच ऐकू येत नव्हतं. डोळे मात्र क्लिफवर खिळले होते आणि त्यांत भीती होती. त्याने सुई उचलली. ओठ अर्ध्या शब्दावर थांबले.

मग त्याने रेकॉर्ड दोन्ही हातांत धरून वाकवली. मोडूनच टाकावी एकदाची. डोरीन दोन्ही हातांनी गळा धरून खाली बसली. घाईघाईने त्याने ती सरळ केली, आणि कितीतरी वेळ दोघं एकमेकांना धरून जमिनीवरच बसून राहिली.

त्या दिवसापासून रेकॉर्ड कपाटात आणि किल्ली क्लिफच्या खिशात. हॉलमध्ये त्याने सांगितलं, तडा गेला.

"खोटारडा," रेग म्हणाला. "विकलीस ना चोरून? कुणाला? मी दुप्पट दिले असते."

"नाही विकली."

"मग दे मला. तुझं काय अडलंय तिच्याशिवाय?"

क्लिफ आपली पेटी उचलून घरी निघाला. घरात शांतता होती, आणि ती सोसण्याजोगी होती. डोरीन टाळी वाजवून त्याला जेवायला बोलवायची. बिंगोच्या कामावर दुसरी कुणी लागली. पण ओठ आपले तिचेच होते, ती पोटभर जेवत होती, रात्री झोपत होती. तिला हे एवढं तरी राहू दे, असं क्लिफ मनातल्या मनात कुणाला तरी विनवत असायचा. पुढेमागे ते नावही आठवलं असतं.

एका गुरुवारी तो लवकर घरी आला तेव्हा डोरीन बटाटे सोलत होती. तिचे ओठ हलत होते.

क्लिफने खिसा चाचपला. किल्ली होती. त्याने कपाट उघडून पाहिलं. रेकॉर्ड पाकिटात, थंडगार.

गाणं तिच्या ओठांवर शेवटपर्यंत गेलं. थांबलं. तिने आवंढा गिळला. मग पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू झालं.

संध्याकाळी ते थांबलं, आणि थोड्याच वेळात मागच्या दारावर रेग उभा राहिला. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"सापडली रे तुझी डोरीन फॅरो. डेट्रॉईटच्या एका गोदामात पेट्याच्या पेट्या पडून होत्या, कोऱ्या. सगळ्या उचलल्या मी. दुपारपासून एकेक लावून तपासत होतो." मग तो जरा घुटमळला. "मला वाटलं होतं, तूच ठेवलंस ते नाव. लेबलावर तर खरंच छापलंय."

"सगळ्या मला दे," क्लिफ म्हणाला. "बदल्यात माझं कपाट ने. आतल्या सगळ्या रेकॉर्ड ने."

रेग हसायला गेला, आणि क्लिफचं तोंड पाहून थांबला. "उशीर झाला गड्या. तपासल्या तशा दुकानांना धाडल्या. प्रेस्टन, बोल्टन, स्टोक. परवा शनिवारी विकायला काढतील. एका मटण पॅटिसच्या किमतीत मिळणार आता, कुणालाही."

शुक्रवारी काही झालं नाही. डोरीन दिवसभर क्लिफचा हात धरून बसली.

शनिवारी दुकानं उघडली.

सकाळी गाणं एकदा संपून पुन्हा सुरू होईपर्यंत थोडा वेळ मिळत होता. तेवढ्यात क्लिफ तिला घोटभर पाणी पाजायचा, पावाचा तुकडा भरवायचा.

दुपार झाली तशी ती फट लहान होत गेली.

मग पोरं रेकॉर्ड घेऊन घरोघर पोहोचली असावीत. डोरीनच्या ओठांवर आता शब्द ओळखू येत नव्हते. पहिली ओळ, मधलं कडवं, शेवट, सगळं एकाच वेळी चाललेलं. ओठ नुसते थरथरत होते, आणि कोपऱ्यातून बारीकसं रक्त आलं होतं.

क्लिफ पाण्याचा ग्लास घेऊन तिच्यासमोर उभा होता, फट मिळायची वाट पाहत.