भिंतीवर न पडलेला ठिपका

ताईचं कामच मुळी भांडणं मिटवण्याचं. जुनं मापयंत्र एक सांगतं, नवं दुसरंच. मग दोघांचं कितपत जमतं ते संख्याशास्त्राने ठरवायचं. लाल किरणाने अंतर मोजणारं नवं यंत्र तपासायला आलं, तेव्हा तिने धाकट्या बहिणीचं नवं, रिकामं घर गाठलं. प्रत्येक खोली आधी पोलादी टेपने मोजायची, मग यंत्राने. दोन मापांतला फरक म्हणजे आलेखावरचा एक ठिपका. सगळे ठिपके मर्यादेच्या दोन रेषांमध्ये गुण्यागोविंदाने बसले.

आतली छोटी खोली तेवढी हटून बसली. यंत्र तिवईवर, छातीइतकं उंच. मध्ये काही नव्हतं, टेप सरळ भिंतीपर्यंत गेली. यंत्राचं माप मात्र चांगलं दोन हात कमी. पुन्हा घेतलं, तेच. भिंतीवर किरणाचा लाल ठिपकाही दिसेना. यंत्र खिडकीतल्या उन्हाने दिपलं असणार, ताईने ठरवून टाकलं.

बहीण पोटावर हात ठेवून दारात उभी होती. बऱ्याच वर्षांनी दिवस गेले होते, जीव टांगणीला लागलेला. त्या खोलीत आपण एकटे नाही असं तिला उगाचच वाटायचं.

"पाळणा इथे लावू ना गं? तू म्हणशील तसं."

"बिनधास्त लाव. एवढ्या ठिपक्यांत एखादा भरकटतोच."

ताईने तो ठिपका आलेखातून काढून टाकला. त्यांच्या कामात हे सर्रास चालतं.

बाळाला बघायला ती गेली तेव्हा यंत्र पिशवीत होतंच. बहिणीच्या चेहऱ्यावर सुख मावत नव्हतं. बाळ त्या खोलीत अजिबात रडत नाही म्हणे, झोका द्यायलाही उठावं लागत नाही.

हे शेवटचं ताईला खटकलं. बहीण स्वयंपाकघरात गेल्यावर तिने तिवई उघडली आणि छातीच्या उंचीवरून किरण सोडला. भिंतीवर लाल ठिपका टपकन उमटला, माप टेपशी तंतोतंत जुळलं. हुश्श! ऊनच होतं तर.

ऊन आजही तेवढंच होतं.

तिने तिवई खाली केली, पाळण्याच्या कठड्याइतकी. किरण पाळण्याला न शिवता, शेजारून सरळ भिंतीवर जायला हवा होता.

भिंतीवर ठिपका नव्हता.

यंत्राने माप दाखवलं. बरोबर पाळण्यापर्यंतचं.

पाळण्याची कडी कुरकुरू लागली.

"ताई," स्वयंपाकघरातून बहीण म्हणाली, "झोका जरा हळू दे गं."

ताईचे दोन्ही हात तिवईवर होते.