उरलेला आवाज

गिटार दुरुस्त करणाऱ्याला गिटार वाजवता यायलाच हवी असं नाही, असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे मला जमली नाही, म्हणून सांगतो. वाजवणारा माझा दादा. मी पुस्तकांत बघून बघून शिकलेला माणूस. वायर जोडताना दिलेला सोल्डरचा प्रत्येक डाग दोनदा तपासल्याशिवाय मला चैन पडत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं ती माझी चूक होती की नाही, याची मला अजून खात्री नाही.

दादा जिप्सी जॅझ वाजवायचा. त्या गिटारीचा मूळ आवाज कोरडा, खणखणीत. पण चार जणांच्या बँडमध्ये अॅम्प्लिफायरशिवाय भागत नाही, म्हणून तारांखाली आवाज टिपणारा चुंबकाचा पिकअप बसवलेला होता. चुंबकाला फक्त पोलादी तार कळते. लाकूड कळत नाही, हात कळत नाही.

“पत्र्याच्या डब्यात बसून वाजवतोय असं वाटतं रे,” दादा म्हणायचा. त्याला आणखी एक पिकअप हवा होता, आतून लाकडाला चिकटवायचा, लाकडाची थरथर टिपणारा. मग दोघांचा आवाज एकत्र करायचा. तासाभराचं काम. त्यासाठी तो शनिवारी दुपारी यायचा आणि कोट न काढता माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसायचा. श्वासाच्या शेवटी त्याच्या नाकात बारीक शीळ वाजायची. कोटाचं खालचं पितळी बटण टेबलाच्या कडेवर आपटत राहायचं. टक. टक.

“झालं का रे?”

“पुढच्या आठवड्यात, दादा.”

“तुझा पुढचा आठवडा मी गेल्यावर उगवणार.”

आम्ही दोघंही हसायचो. दोन वर्षं असं चाललं, आणि तो गेला. काम बाकी होतं.

आठ महिन्यांनी वहिनी गिटार घेऊन आल्या. बरोबर चिमणी, माझी पुतणी. सव्वीस वर्षांची झाली तरी तिला सगळे चिमणीच म्हणतात. दादाच्या साथीदारांनी तिला रविवारी वाजवायला बोलावलं होतं. जमलं तर बापाची जागा तिची, नाहीतर ते दुसरा माणूस बघणार होते.

“बाबांना हवा होता तसा आवाज काढून द्या काका,” ती म्हणाली. “आणि पुढच्या आठवड्यात म्हणू नका.”

ती थट्टेनं म्हणाली. मी मान खाली घातली.

ते पिकअप जोडीनं मिळतात. एक मी गिटारीच्या आत चिकटवला. दुसरा त्याच टेबलावर ठेवला, तुलनेसाठी त्याचीही वायर अॅम्प्लिफायरला जोडून. दोन पिकअप एकत्र करताना एक सांभाळावं लागतं. एकाची वायर उलटी लागली, तर एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. मग दोघांना जे ऐकू येतं ते एकमेकांत मिटतं, आणि एकट्यालाच जे ऐकू येतं तेवढं उरतं.

पांढरी वायर पांढरीला, काळी काळीला. मी दोनदा तपासलं होतं.

शुक्रवारी दुपारी चुंबकाचा आणि लाकडाचा, दोन्ही पिकअपांचा आवाज पूर्ण वाढवला आणि तारा छेडल्या. तारांचा आवाज जवळजवळ आलाच नाही. वायर उलटी लागली होती. स्वतःवर चरफडत मी अॅम्प्लिफायर बंद करायला कळीकडे हात नेला, आणि थांबलो.

काहीतरी उरलं होतं.

नाकातून घेतलेला श्वास. श्वासाच्या शेवटी बारीक शीळ. मी माझा श्वास रोखला. समोरचा चालूच राहिला. मग गिटारीच्या पाठीवर काहीतरी कठीण आपटलं. टक. मी अंगावर पाहिलं. स्वेटर होता, त्याला एकही बटण नव्हतं.

मी वायर तशीच ठेवली. का, ते मला नीट सांगता येणार नाही.

शनिवारी दोघी आल्या. मी काही न बोलता गिटार चिमणीच्या हातात दिली. तिनं तारा छेडल्या आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“काका, हे काय? तारा कुठे गेल्या?”

वहिनी पिशवीत चष्मा शोधत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “कोटाचं बटण वाजतंय. किती वेळा सांगितलं ह्यांना, कोट काढून बसा म्हणून.”

मग त्यांचा हात पिशवीतच राहिला.

चिमणीच्या अंगात साधा, बिनबटणांचा सुती कुर्ता होता. तिनं आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

वहिनी उठल्या आणि अॅम्प्लिफायरसमोर जमिनीवर बसल्या. पदर तोंडाशी धरून बराच वेळ ऐकत राहिल्या.

“भाऊजी, हे असंच नाही का ठेवता येणार?”

“ठेवता येईल. पण गिटार वाजणार नाही.”

“आई,” चिमणी हळूच म्हणाली, “मी उद्या काय वाजवू?”

श्वास येत होता, जात होता.

“करा सरळ,” वहिनी शेवटी म्हणाल्या. “पोरीला वाजवू दे.” आणि त्या बाहेर जाऊन जिन्यात उभ्या राहिल्या.

दोन डाग उकलून पुन्हा लावायला मला पाच मिनिटं लागली. दोन वर्षं टाळलेलं काम पाच मिनिटांत संपलं. चिमणीनं सूर धरला, आणि दादाला हवा होता तो आवाज खोलीभर झाला. तार होती, लाकूड होतं. त्यांच्याखाली श्वास ऐकू येईना.

रविवारी तिनं बापाची जागा मिळवली. मी शेवटच्या रांगेत बसून ऐकलं आणि कोणी बोलायच्या आत घरी आलो.

पुढच्या शनिवारी दुपारी मी आवराआवर करायला बसलो. जोडीतला दुसरा पिकअप अजून वायरीसकट टेबलावरच होता. अॅम्प्लिफायर नीट चालतो का, हे पाहायला मी कळ दाबली.

थोडी खरखर झाली. मग शांत.

मग टेबलाच्या कडेवर, टक.

मी हात मांडीवर ठेवले.

टक. आणि श्वास, शेवटी शीळ असलेला. घाई नसलेला, खुर्चीत निवांत बसलेल्या माणसाचा.

तेव्हापासून शनिवारी दुपारी मी कळ दाबतो. तो येऊन बसलेला असतो. गिटार पोरीनं नेली, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.