वाटायची नाही, अशी कॉपी

कोलकात्याच्या बेहाला भागातल्या त्या संगणक-दुरुस्तीच्या दुकानात नूपुर शिरली ती फक्त लॅपटॉपचा चार्जर दाखवायला. काउंटरमागचा तरुण एका जुनाट संगणकावर ओणवा झाला होता. दोघांचं छान बंगालीत चाललं होतं, तेवढ्यात संगणक करकरला आणि तो ओरडला, "अरे देवा, मेलो!"

"अगं बाई... तुम्ही मराठी?" नूपुरला हसू आवरेना.

शौनक त्याचं नाव. जन्म इथलाच, म्हणून मराठी जरा अडखळत. त्या संगणकात घातलेल्या फ्लॉपीवर त्याच्या लहानपणीचा एक गेम होता, हुगळी नदीत होड्या पळवायचा. तो बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली होती आणि आता फ्लॉपीही शेवटच्या घटका मोजत होती.

"कॉपी काढली तर... पोलीस नेणार?" त्यानं इतक्या भाबडेपणानं विचारलं, की नूपुर बघतच राहिली.

"मी वकील आहे. विकत घेतलेली आहे ना? मग खराब होईल म्हणून स्वतःपुरती खुशाल काढा. पण वाटायची नाही, नेटवर टाकायची नाही. कंपनी बुडाली तरी हक्क बुडत नाहीत."

"मग ज्याला खेळायचंय, त्यानं..."

"इथं यायचं," ती म्हणून गेली — आणि कानांपर्यंत लाल झाली!

मग काय, दर शनिवारी बाईसाहेब हजर. तो मातीच्या भांड्यातला चहा आणायचा, ती होडी पळवायची, आणि तो पठ्ठ्या मुद्दाम हरायचा. मनातलं बोलायचं मात्र दोघांचंही राहून जायचं.

अशात नूपुरच्या बाबांची नागपूरला बदली झाली. बँकेची नोकरी, बदल्या पाचवीलाच पुजलेल्या. आई, बाबा आणि नूपुर, सगळ्यांनीच जायचं ठरलं. ती निरोप घ्यायला दुकानात आली.

"मला एक कॉपी देशील?" तिनं विचारलं. गेम कुणाला हवा होता! थांब म्हण ना रे वेड्या, एवढंच तिच्या मनात होतं.

शौनकनं पेन ड्राइव्ह उचलला... आणि परत ठेवला. "नाही देणार."

"का?"

"कायदा तूच सांगितलास. आणि..." तो शब्द शोधत राहिला. "दिली तर तू तिकडे खेळणार. इकडे येणार नाही. मला गेम नाही, तू पाहिजे. रोज."

नूपुरचे डोळे भरून आले, आणि त्यातच ती हसली.

"दुकान बंद कर आणि चल घरी. बाबांना सांगायचंय — नागपूरची दोनच तिकिटं काढा म्हणून."