हमिंग थांबतं तेव्हा

लाइट यायला अजून तासभर आहे, बसा निवांत. कंदील जरा मोठा करतो. रेडिओ, टेप, मिक्सर, काय असेल ते आणा, करून देतो. गिटारच्या अॅम्पला, त्या आवाज मोठा करणाऱ्या पेटीला, मात्र मी हात लावत नाही. लोक म्हणतात, धर्माजीला माज आलाय. आला असेल. पण त्या वरच्या फळीवर घोंगडीखाली काय झाकलंय ते एकदा ऐका, मग काय म्हणायचं ते म्हणा.

हे काम मी इथंच पारगावात भगवंतमामांकडे शिकलो. मामा म्हणजे माझा जोडीदार अमृत, त्याचे सख्खे मामा. तो म्हणायचा म्हणून मीही मामाच म्हणायचो. त्यांचा साउंडचा धंदा होता. डिंगोऱ्याचा अमृत ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. गेन, म्हणजे आवाजाची धार, इतका चढवायचा की गिटार किंचाळायची आणि पुढची पोरं शर्ट काढून फिरवायची. गाणं संपलं की अॅम्पातून घूंऽऽ सुरू. हमिंग म्हणतात त्याला. तारांवर माणसाचा हात पडला की ते दबतं, हात उचलला की पुन्हा येतं. अमृतला त्यातूनच खोड लागली होती. गाण्याआधी दोनदा तळवा ठेवायचा. गप्प, घूं, गप्प. मग सुरुवात.

दोन हजार तीनच्या जत्रेत त्यानं एक हात तारांवर ठेवून दुसऱ्यानं माइकचा स्टँड पुढं ओढला. तसाच चिकटून राहिला. मेन बंद करेपर्यंत सगळं संपलं होतं.

अॅम्प आदल्या दिवशी मी दुरुस्त केला होता. मामा सगळ्यांसमोर म्हणाले, "धर्माच्या हातनं वायर सुटली आसंल." मला तसं आठवत नव्हतं. पण उस्तादच म्हणतोय म्हटल्यावर मी मान खाली घातली. अमृतची आई बयाबाई, जिला मी मावशी म्हणायचो, जिच्या चुलीपाशी मी अर्धं लहानपण जेवलो, तिनं मला बघून दार लावून घेतलं. मी हत्यारं गुंडाळून ठेवली आणि चार वर्षं बापाच्या मेंढरांमागं हिंडलो. अमृतला मी मारलं, एवढं एकच डोक्यात.

पुढं हे दुकान टाकलं. मामा तोवर धंदा विकून पुण्याला लेकाकडे गेले होते. आणि दोन हजार आठला, उसाच्या हंगामात, अमृतची बहीण प्राची जीपमधून तो अॅम्प आणि गिटार घेऊन दारात उभी.

"दादा, गिऱ्हाईक आलंय याला. पण हमिंग लई येतंय म्हनं. तेवढं घालवून दे."

"मावशीला माहीत हाय का?"

 ती सामान ठेवून तशीच जीपमध्ये बसली.

सातला लाइट आली. कारखान्याच्या मळीचा आंबूस वास दारातून आत येऊन बसला होता. मी गिटार भिंतीला टेकवून ठेवली, पिन जोडली, अॅम्प लावला. घूंऽऽ. पाच वर्षांनी तोच आवाज.  स्क्रू-ड्रायव्हर घ्यायला पाठ फिरवली...

आणि हमिंग थांबलं.

मी वळलो. गिटार होती तशीच भिंतीला. आवाज पुन्हा सुरू झाला. मग पुन्हा थांबला... जरा जास्त वेळ. कोणीतरी तारांवर तळवा ठेवून माझ्याकडे बघत असावं, तेवढा वेळ. खरं सांगतो, हमिंगची भीती नाही वाटत. ते थांबतं त्याची वाटते.

"अमृत...?" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

काय सुचलं कोण जाणे, मी टेस्टर अॅम्पच्या पत्र्याला लावला. टेस्टर भक्कन पेटला. अख्ख्या बॉडीला करंट! प्लग उपटला आणि खोलला. आत हिरवी अर्थची, म्हणजे चुकार करंट जमिनीत उतरवणारी, वायर कापलेली. टोक दुमडून वर टेप गुंडाळलेली, आणि टेपच्या शेवटाला बारीक शेंडी सोडलेली.

ती शेंडी मी हजार वेळा पाहिली होती. पुन्हा सोडवायला सोपं जावं म्हणून मामा तशी ठेवायचे. दुसरं कोणी ठेवत नव्हतं. साउंडची एक अर्थ आणि अॅम्पची दुसरी, अशा दोन झाल्या की मध्ये हमिंग घुसतं. एक तोडली की बरंचसं क्षणात गप्प. सोपा उपाय, पण पत्र्यात करंट उतरला तर त्याला माणसाशिवाय दुसरी वाट राहत नाही. हे मला शिकवलं कोणी? त्यांनीच. जत्रेत मी जेवायला गेलो तेव्हा त्यांनी वायर कापली, भाचा गेला, आणि माझं नाव पुढं केलं. मी खाली बसलो आणि लहान पोरासारखा रडलो.

सकाळी तो प्लग खिशात घालून डिंगोऱ्याला गेलो. पाच वर्षांनी ते दार उघडेल, मावशी मला जवळ घेईल, एवढंच मनात होतं. बयाबाईनं प्लग हातात घेतला. शेंडीवरून बोट फिरवलं.

"मला ठाऊक हाय, धर्मा."

"कधीपासनं?"

"तेराव्यापासनं. त्यानंच सांगितलं, माज्या पायावर पडून." तिनं वर पाहिलं नाही. "भाऊ हाय माजा. पोरगं तर गेलंच व्हतं... भाऊबी घालवू व्हय?"

"आन् मी, मावशी?"

तिनं प्लग माझ्या हातात परत ठेवला. मग हळूच म्हणाली, "प्राचीला मीच धाडली. गिऱ्हाईक-बिऱ्हाईक कोन न्हाई. रोज सांजच्याला आतल्या खोलीत कोनतरी तारांवर हात ठेवतंय, उचलतंय... मला न्हाई ऐकवत आता. तुज्याकडंच ऱ्हाऊ दे."

 तिनं दिलेला चहा तसाच ठेवून मी उठलो. मामांनी केलं ते कधीतरी गिळता येईल. हे नाही गिळता आलं.

अॅम्प आणि गिटार तेव्हापासून फळीवर. वायर काढून ठेवलीय, लावत नाही. या, कंदील वर धरा, घोंगडी बाजूला करतो. तारा गंजून तांबड्या झाल्यात बघा. फक्त इथं, तळव्याएवढ्या जागेत, लख्ख. मी दोनदा तारा बदलल्या. दोन्ही वेळा एवढीच जागा सोडून गंजल्या.

बयाबाईला जाऊन आता तीन महिने झाले. जरा अलीकडे धरा कंदील... त्या जागेला खेटून ही दुसरी दिसते का? पहिल्यापेक्षा लहान, बाईच्या हाताएवढी? ही मागच्या महिन्यात नव्हती.