विसाव्याचा दगड

ही गोष्ट ऐकीव नाही. माझ्या सख्ख्या नणंदेची आहे, आणि तिचा शेवटचा भाग मी स्वतः तिथं उभी राहून पाहिलाय. लग्न होऊन या गावात आले त्याला तेवीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत कुणी भुताखेताचं काढलं की मी हसून चहा ओतायचे.

आता हसत नाही.

गाव हार्थ्वेट. इंग्लंडच्या उत्तरेला, डोंगरांच्या कुशीत. गेल्या वर्षीचा नोव्हेंबर, दुसरा मंगळवार, दुपारचे सव्वाचार. त्या दिवसांत आमच्याकडे तेवढ्यातच अंधारून येतं.

माझी नणंद लिंडसे बागेत एकटीच होती.

लिंडसे नगरपालिकेत बागांचं काम बघते. चर्चच्या वरच्या अंगाची जुनी बाग नवी करायचं काम तिच्याकडे होतं. रुंद वाट, चहाचं दुकान, मुलांना झोपाळे. दोन वर्षं तिनं त्यात जीव ओतला होता. आता सगळं उरकलं होतं, गुरुवारी महापौरबाई येऊन फीत कापणार होत्या. लिंडसे हातात यादी घेऊन कुठं काय राहिलंय ते बघत होती.

आणि तिला मागून पावलं ऐकू आली...

वरच्या फाटकाकडून. एकाची नव्हेत, पुष्कळांची. जड, जपून टाकलेली. उतारावर घसरू नये म्हणून आपण टाकतो तशी.

डोंगरावरून परतणारे लोक असतील, असं वाटून ती बाजूला झाली.

पावलं जवळ आली. श्वास ऐकू यायला लागले. ओझं वाहणाऱ्या माणसांचे, तोंडानं घेतलेले. कुठंतरी लाकूड करकरलं.

वाटेवर कुणीही नव्हतं.

पावलं तिच्यापासून चार हातांवर येऊन थांबली...

लिंडसे वाट बघत राहिली. कशाची, ते तिचं तिलाच कळेना. पण जड काही उचलून आणणारी माणसं थांबली, की पुढं एक आवाज यायला हवा. ते खाली टेकवल्याचा.

तो आलाच नाही.

मग एक थकलेला पुरुषी आवाज म्हणाला, "इथं नाही. चला, अजून थोडं."

आणि पावलं तशीच, ओझ्यासकट, खाली चर्चकडे निघून गेली.

लिंडसे तडक आमच्याकडे आली. माझ्या स्वयंपाकघरात बसली, पण कोट काढायचं भान नव्हतं तिला.

"काय गं, भूत पाहिलंस की काय?" मी चेष्टेनं म्हटलं.

"पाहिलं काहीच नाही, सू," ती म्हणाली. "पण मी काय करून ठेवलंय ते मला माहीत आहे."

माझं नाव सुलभा. इथं सगळ्यांनी त्याचं सू करून टाकलंय.

मग तिनं कुणालाच न सांगितलेलं सांगितलं.

बागेतली ती वाट म्हणजे जुनी मढेवाट. डोंगरावरच्या वस्त्यांना स्वतःचं चर्च नव्हतं. तिथं माणूस गेलं की सहा जण शवपेटी खांद्यावर घेऊन चार मैल उतरायचे. वाटेत पेटी जमिनीला टेकवायची नाही, असा दंडक. त्यासाठी एका जागी एक बसका, सपाट दगड होता. तिथं पेटी ठेवायची, दम घ्यायचा, खांदा बदलायचा. आपल्याकडे स्मशानाच्या वाटेवर विसावा असतो ना, अगदी तसाच.

लिंडसेच्या नव्या वाटेच्या आड नेमका तो दगड येत होता.

अशा बागेत काही बदलायचं म्हणजे आधी अहवाल द्यावा लागतो. जुनं काय आहे, कुठं आहे, का महत्त्वाचं, बदलामुळं त्याचं काय बिघडेल, सगळं लिहायचं. त्यासाठी वाचनालयात गावकऱ्यांची सभाही झाली. लोक कुत्र्यांच्या घाणीवरून आणि गाड्या लावण्यावरून तासभर भांडले. सगळे गेल्यावर जोसेफ इस्मे पुढं आले. चौऱ्याऐंशी वर्षांचे, टोपी हातात.

"पोरी, तेवढा दगड हलवू नको," ते म्हणाले. "त्रेसष्टच्या बर्फात गाडी वर चढेना. आम्ही सहा जणांनी माझ्या आईला खांद्यावर आणली. मांडीपर्यंत रुतत होतो. त्या दगडावर तिला टेकवलं, तेवढाच काय तो दम मिळाला. तिथून हलवलास तर तो नुसता दगड."

"नक्की लक्षात ठेवते, मिस्टर इस्मे," लिंडसे म्हणाली. सगळं वहीत लिहूनही घेतलं.

पण ते अहवालात घातलं असतं तर पुराणवस्तूवाले येणार, खोदून बघणार, सहा महिने जाणार, वाटेचा नकाशा नव्यानं काढावा लागणार. ठेकेदाराच्या तारखा ठरलेल्या होत्या.

तिनं लिहिलं: 'एक सैल दगड. मूळ जागा अज्ञात. हलवल्यास हानी नाही.'

खाली सही.

"मला जागा माहीत होती, सू. मी त्या दगडावर बसून ते लिहिलं."

दगड उचलायच्या दिवशी खोदयंत्रवाल्या डगीनं तिला विचारलंसुद्धा, "बाईसाहेब, कुठं होता त्याचं माप घेऊन ठेवू का?"

"कशाला? मूळ जागा अज्ञात आहे."

"अज्ञात?" डगी खो खो हसला. "हा काय माझ्या बुटापुढं!"

तीही हसली. दगड चहाच्या दुकानापुढं बसायला नेऊन ठेवला. उतार कापून सपाट केला. शेजारचं हॉलीचं काटेरी पानांचं झाड तोडलं.

बुधवारी सकाळी लिंडसे इस्म्यांकडे गेली. बागेच्या खालच्या फाटकालाच त्यांचं घर. तिनं दार वाजवायच्या आत त्यांनी उघडलं.

"ऐकलंस ना?"

तिला तोंड वर करवेना.

"पंधरवडा झाला," ते म्हणाले. "रोज याच खिडकीखालून जातात. पाच जण आहेत. डाव्या बाजूचा मागचा कोपरा मोकळा. तो माझा. बाकीचे केव्हाच गेले, पोरी. मी तेवढा मागं राहिलोय."

मग हळूच म्हणाले, "आई आहे गं त्यात. तिला कुठं टेकवताच येत नाहीये त्यांना."

लिंडसे रडली. अहवालात काय लिहिलं तेही तिनं कबूल केलं. इस्मे रागावले नाहीत. त्याचंच तिला जास्त लागलं.

"माझा कोट दे," ते म्हणाले. "आत्ताच चल, जागा दाखवतो. डोक्याला नाही सांगता यायची, पण पायांना ठाऊक आहे."

आणि इथं माझ्या नणंदेनं दुसऱ्यांदा माती खाल्ली.

दुसऱ्या दिवशी महापौरबाई त्याच दगडावर बसून फोटो काढणार होत्या. पाहुणे, वर्तमानपत्रवाले, सगळं ठरलेलं. आदल्या दिवशी नवीकोरी वाट उकरायची म्हणजे...

"शुक्रवारी नेते तुम्हाला," ती म्हणाली. "उद्याचं एवढं पार पडू दे."

इस्म्यांनी अर्धा चढवलेला कोट उतरवला. "बरं," म्हणाले, आणि कोट पुन्हा खुंटीला लावला.

गुरुवारी फीत कापली. फोटो झाले, केक झाला. दुपारी अडीचला फोन आला.

इस्मे गेले होते. शेजारणीला खुर्चीत सापडले. कोट अंगात, बूट पायात.

त्या दिवशी सव्वाचारला लिंडसे बागेत जाऊन उभी राहिली. पावलं आली. तिनं कान देऊन मोजली.

सहा जण होते.

पुढच्याच आठवड्यात तिनं वरिष्ठांना सगळं खरं लिहून दिलं. फक्त पावलांचं सोडून. बोलणी खाल्ली, लेखी समज मिळाली. पण दगड परत जागेवर ठेवायची परवानगीही मिळाली. तिला वाटलं, सुटले.

ती आणि डगी दगड घेऊन वर गेले. आणि दोघं बघतच राहिले.

उतार नव्हता. झाड नव्हतं. वाट सरकलेली. जुन्या फोटोंत दगडावर वेल पसरलेली, त्याची जागा कळतच नव्हती. डगी म्हणाला इथं, ती म्हणाली तिथं. माप कुणी घेतलंच नव्हतं. ज्यांच्या पायांना ठाऊक होतं ते चर्चमागं मातीत.

तिनं खोटं लिहिलं होतं, ते आता खरं झालं होतं.

त्यांनी दगड चार वेळा हलवला. प्रत्येक वेळी लिंडसे सव्वाचारला तिथं जाऊन थांबायची. पावलं यायची, दगडापाशी अडायची. ती श्वास रोखून उभी.

"इथं नाही..."

डिसेंबर उजाडेपर्यंत ती अर्धी झाली. जेवणावर वासना नाही, झोप नाही. "एकदा तो टेकवल्याचा आवाज ऐकू दे, सू. मग मी जन्मात काही मागणार नाही," एवढंच घोकायची. खरं सांगते, मला वाटलं तिच्या डोक्यावर परिणाम झालाय. तिला तसं दाखवून द्यावं म्हणून एका शनिवारी मी तिच्याबरोबर गेले.

चार वाजून दहा मिनिटं. थंडी मी म्हणत होती. आम्ही दगडाशेजारी उभ्या. पाखरूही हलत नव्हतं.

आणि मला ऐकू आली...

पावलं. श्वास. लाकडाची करकर. माझ्या इतक्या जवळ आली की मी मागं सरताना गवतात पडता पडता वाचले.

थांबली.

"इथं नाही," कुणीतरी म्हणालं.

मग दुसरा आवाज आला. म्हातारा. धाप लागलेला. वाण्याच्या दुकानात, पोस्टात मी तो वीसेक वर्षं ऐकत आले होते.

"पोरी... जरा धरतेस का? आता माझ्यानं होत नाही."

लिंडसे पुढं झाली. गुडघ्यांत वाकली, उजवा हात वर नेला... आणि तिचा खांदा माझ्या डोळ्यांदेखत खाली दबला.

"लिंडसे!" मी ओरडले. "चल घरी! सोड ते!"

"नाही गं," ती दातओठ खात म्हणाली. "आता हात सोडता येत नाही."

ती चालायला लागली. तोल सांभाळत, जपून, बाकीच्यांच्या पावलाला पाऊल जुळवत. चर्चच्या फाटकाआड गेली. वीस मिनिटांनी परत आली तेव्हा तिचा कोट खांद्याशी ओला होता, आणि चेहऱ्यावर कित्येक दिवसांत न दिसलेली शांतता होती. मला तिची त्या क्षणी फार भीती वाटली.

त्याला आता दोन महिने होतील. ती रोज जाते. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. डॉक्टर म्हणतात, अवजड काम बंद करा. ती मान डोलावते आणि सव्वाचारला बागेत असते. दगड अजून चहाच्या दुकानापासून चर्चपर्यंत कुठंही ठेवला तरी चुकतोच.

काल ती माझ्याकडे आली होती. चहा डाव्या हातानं प्यायली. मग म्हणाली, "सू, रविवारी एक दिवस माझ्याऐवजी जाशील? एकच दिवस. फार जड आहे गं."

मी ज्या घरात वाढले तिथं खांदा मागितला तर कुणी नाही म्हणत नाही. वैऱ्यालासुद्धा.

मी नळ सोडला आणि कप विसळत बसले. ती बराच वेळ माझ्या पाठीमागं उभी होती. मग दार लागल्याचा आवाज आला.

उद्या रविवार आहे.