मार्लिसचे हसरे फोटो

हे मी आजवर घरातही कुणाला सांगितलेलं नाही. पण घडलं ते असंच. यात माझ्या पदरचं काही नाही.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर २०१९. दुपारचे बारा.

मी डुएन. तेव्हा मिनेसोटात, डुलुथला म्हाताऱ्या आईबरोबर राहत होतो. माझी धाकटी बहीण मार्लिस घटस्फोटानंतर पार कोमेजली होती. जरा मोकळं वाटेल म्हणून ती एकटीच सुपिरिअर सरोवराच्या काठाने फिरायला गेली होती.

तीन दिवस फेसबुकवर तिचे फोटो येत होते.

धबधबा. दीपगृह. हातात धुरावर भाजलेला मासा.

प्रत्येक फोटोत तोंडभर हसू. आई शेजारणीला दाखवत सुटली होती. "बघ, दोन वर्षांनी हसतेय माझी पोर!"

मी फोन लावला.

"काय गं, चैन आहे बुवा एका माणसाची!"

"कसली चैन?" आवाज रडून बसलेला.

"धबधब्यापाशी दात काढून उभी आहेस की."



"डुएन... मी कुठे गेलेच नाही रे. तीन दिवस इथे ग्रँड मरेला, मोटेलच्या सहा नंबरच्या खोलीत पडून आहे. फोटो मी नाही टाकले."

"पुरे झाली थट्टा."

"तू ये. मला घरी ने."

तेवढ्यात तिच्या मागून कुणीतरी हसलं...

हसणं मार्लिसचंच होतं.

मी तसाच निघालो. दोन तासांत ग्रँड मरे गाठलं. मोसम संपलेला. मोटेलच्या आवारात फक्त तिची गाडी.

सहा नंबरचं दार ठोठावलं.

आत नळ वाहत होता...

"इतका वेळ लावतात का रे?"

मी दचकून वळलो. मार्लिस माझ्या मागे उभी होती. हातात बॅग, तोंडभर हसू.

"मग फोनवर काय होतं ते?"

"चेष्टा केली रे! तोंड बघ तुझं!"

"आत नळ चालू राहिलाय."

"राहू दे." तिने माझा हात धरला. तिचा हात बर्फासारखा गार.

आणि आतला नळ थांबला...

कुणीतरी बंद केला.

मी काही विचारलं नाही. खरं सांगतो, धीरच झाला नाही.

ती तिच्या गाडीतून माझ्या मागोमाग आली. मी सारखा आरशात बघत होतो. एकशे दहा मैल... ओठ तसेच ताणलेले.

घरी आईने तिला मिठीत घेतलं. आई कधी नव्हे ते गुणगुणत स्वयंपाकाला लागली.

संध्याकाळी फोन वाजला. मोटेलची मालकीण.

"बहिणीला न्यायला येताय ना? खोली घेताना तिने तुमचाच नंबर दिलाय."

"ती तर घरी आली."



"मग सहा नंबरमध्ये रडतंय कोण? दार आतून लावलंय. सारखं 'डुएन, डुएन' चाललंय..."

मी मान वर केली.

मार्लिस दारात उभी होती.

"कुणाचा रे फोन?"

तिच्या मागे आई खुशीत टेबल मांडत होती.

"राँग नंबर," मी म्हणालो. आणि फोन ठेवला.

सकाळी मीच मोटेलला फोन केला. रात्री आवाज थांबला म्हणे. दार तोडलं, तर खोली रिकामी. उशी तेवढी ओली होती.

मार्लिस अजून फिरते, फोटो टाकते. लोक म्हणतात, किती आनंदी आहे तुझी बहीण!

तेव्हापासून मी तिला कधी रडताना पाहिलेलं नाही. आई गेली त्या दिवशीही नाही.

त्या संध्याकाळी मी परत जायला हवं होतं...

ती मलाच हाक मारत होती.